पायाखालचा आरसा

प्रिय नंदे,

तुझं पत्र वाचून जीव गलबलला. डायबेटिस असलेल्या काकूंच्या तळपायाची जखम तीन महिने भरत नाही, रोज पट्टी बदलूनही तशीच आहे, आणि त्यांना ती दुखतही नाही, असं लिहिलंस. न दुखणं हीच त्यातली मोठी काळजी, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं सगळं काम अशाच पायांचं, हे तुला ठाऊकच आहे. इथे चंद्रपूरकडे कुष्ठरोगातून बरे झालेले पुष्कळ आहेत. गोळ्यांनी जंतू मरतात, पण मेलेल्या नसा परत येत नाहीत. पाय मुका तो मुकाच. काटा रुतला, चटका बसला, तरी पत्ता नाही.

एक मावशी आठ वर्षं माझ्याकडे यायच्या. अंगठ्याच्या मागे, उंचवट्याखाली, रुपयाएवढी जखम. सोमवारी-गुरुवारी मी ती धुवायची, पट्टी बांधायची. मावशी तीन किलोमीटर चालत घरी जायच्या आणि दुसऱ्या दिवशी भाताच्या रोवणीला, बांधीतल्या चिखलात. मी रागवायची. त्या म्हणायच्या, "दुखत नाही ना बाई, मंग कायले बसू?"

गेल्या वर्षी एकदा भिंतीवरचा दाढीचा आरसा काढून मी त्यांच्या पायाखाली धरला. मावशी किती तरी वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "एवढी खोल आहे?" गुडघे आखडलेले, त्यामुळे स्वतःचा तळपाय त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आणि आठ वर्षांत मला तो दाखवायचं सुचलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या दिवसापासून मी सांगणं कमी केलं आणि त्यांच्या दिवसात काय बसतं ते विचारू लागले. नुसतं "आराम करा" म्हणून काय उपयोग? रोवणी सोडली तर चूल कशी पेटणार? मग पाणी सुनेनं भरायचं, दुकानात नातीनं जायचं, दवाखान्यात मुलाच्या सायकलवर यायचं, असं ठरवून ठरवून पावलं कमी केली. जखमेवर वजन पडत राहिलं तर कुठलंही मलम लावलं तरी ती भरत नाही. कुष्ठरोगाच्या पायांसाठी देतात ती मऊ एमसीआर रबराची (बारीक छिद्रांच्या स्पंजासारख्या रबराची) चप्पल मावशींनी पेटीत ठेवून दिली होती. का, तर गाव ती चप्पल ओळखतं. मग मोच्याकडून तेच रबर घालून साध्या तपकिरी सँडलसारखी करून घेतली. आता ती पायात असते.

संध्याकाळी त्या साध्या पाण्यात वीस मिनिटं पाय भिजवतात, घट्टे वजरीनं घासतात आणि ओल्या कातड्यावरच खोबरेल लावतात. जखम सोडून, अर्थात. पण काकूंना डायबेटिस आहे, त्यांना भिजवायला अजिबात लावू नकोस, आणि बोटांच्या बेचक्यात तेलही नको. शेक तर दोघींनाही नाही. मुक्या पायाला भाजलेलं कळत नाही. अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालून उकळ, झाकून गार कर, त्यानं जखम धू, उरलेलं दुसऱ्या दिवशी टाकून दे. हळद, चुना, मशेरी काही भरू नकोस. साखर बघत राहा, आणि पायाला रक्त नीट पोचतं का, हे डॉक्टरांकडून एकदा तपासून घेच. पाय गरम लागला, सुजला, वास आला, ताप आला किंवा जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

मावशींची जखम आता तुरीच्या दाण्याएवढी राहिली आहे. शुक्रवारी पाच-सहा जण लिंबाखाली बसून एकमेकांचे पाय बघतात. बोटं आखडलेल्या एका आजोबांना पट्टीचं टोक दातात धरून गाठ मारायची युक्ती जमली, आता ते सगळ्यांना शिकवतात. आरसा मावशींच्या ताब्यात असतो, दुसऱ्या कुणाला धरू देत नाहीत!

काकूंना माझा नमस्कार सांग. आज रात्री त्या झोपण्याआधी पायाखाली आरसा धर आणि आधी त्यांनाच बघू दे. काय दिसलं ते मला लगेच फोनवर सांग.

तुझी,
शालू