गरोदर बाईला तिच्या बीपीचा आकडा मोठ्याने सांगा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत गरोदरपणातल्या आहारावर लेख येतात, ते मी आवर्जून वाचते. आज मला लिहायचं आहे ते बीपी मोजण्याबद्दल.

मी बार्शी तालुक्यात राहते, घरीच ब्लाऊज शिवते. वय ३५. चार वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. बीपी वाढलं होतं, हे मला त्याच दिवशी कळलं. त्याआधी ते किती येत होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. कार्डावर लिहिलेलं असायचं. पण कार्ड म्हणजे दवाखान्यात दाखवायची वस्तू, आपण वाचायची नव्हे, असंच मी धरून चालले होते.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आशाताई मला ९ तारखेच्या तपासणीला आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, तरी आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना ते ठाऊक नाही. तिथल्या मॅडमनी पहिल्या बाळाचं सगळं विचारून घेतलं, कार्डावर लाल स्टिकर लावलं, ॲस्पिरिनची लहान गोळी सुरू केली आणि म्हणाल्या, "तुमचं बाळंतपण जोखमीचं आहे. दर वेळी बीपी किती आलं ते विचारायचं. लाजायचं नाही."

मधल्या तपासण्यांना मी जवळच्या एका खासगी दवाखान्यात जायचे. सातव्या महिन्यात एकदा कार्ड उघडून बसले, तर ओळीने तीन वेळा १२०/८०. तिसऱ्या खेपेला दंडाला पट्टा बांधलाच नव्हता, हे मला पक्कं आठवत होतं. सिस्टरनी वजन केलं, "काही त्रास नाही ना?" म्हणाल्या आणि लिहून टाकलं. माझा धंदाच मापाचा आहे. मागच्या वर्षीच्या मापावर यंदाचा ब्लाऊज बेतला तर कापड वाया जातं. इथे तर पोटात लेकरू होतं.

मेडिकलमधून मशीन आणलं. आशाताईंनी शिकवलं: आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. घट्ट बाही वर सारून मोजलं तर दंड आवळला जातो आणि आकडा चुकतो, म्हणून मी माझ्या गाऊनच्या बाह्या खांद्यापर्यंत उसवून त्यांना हूक लावले. गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीतच मागच्या पानापासून सकाळ-संध्याकाळचं बीपी लिहायला लागले.

बत्तिसाव्या आठवड्यात हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या. डोकं दोन दिवस ठणकत होतं. वहीत १४८/९६, मग १५२/१००. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशी बाईचं अंग सुजतंच की गं." त्यांनी पाच बाळंतपणं काढलीत, त्या मायेनंच बोलत होत्या. दवाखान्यात गेले तर उत्तर मिळालं, की घरची मशीनं काहीही दाखवतात, टेन्शन घेऊ नका, पंधरा दिवसांनी या. मी उठलेही होते. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. म्हटलं, "मॅडम, तुमच्या मशीनवर माझ्यासमोर मोजा आणि लघवी तपासा. गरज नसेल तर तसं माझ्या कागदावर लिहून सही करा." आवाज कापत होता. बाहेर बाकावरच्या बायका बघत होत्या.

बीपी आलं १६०/१०४. लघवीत प्रथिनं तीन प्लस, म्हणजे खूपच जास्त.

१०२ ची गाडी आली, सोलापूरच्या सिव्हिलला नेलं. तिथे बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं दिली, बीपीच्या गोळ्या चालू केल्या आणि बारा दिवस सांभाळून सिझर केलं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन देतात, त्यानं अंगभर आग होते. मुलगी १ किलो ७५० ग्रॅमची. तिला उघड्या छातीशी धरून मी कितीतरी दिवस तशीच बसून असायचे.

महाराष्ट्रात बाळंतपणात दगावणाऱ्या मातांचं प्रमाण देशाच्या मानाने कमी आहे. २०१८-२० च्या सरकारी आकडेवारीत लाख जिवंत जन्मांमागे देशाचं ९७ आणि आपलं ३३. ते खरंच आहे, त्यामागे आशाताईंसारख्यांचे कष्ट आहेत. पण उरलेल्या त्या ३३ जणींपैकी एकीच्याही कार्डावर न मोजता लिहिलेलं १२०/८० असू नये.

म्हणून सरकारी आणि खासगी, सगळ्या दवाखान्यांना माझी विनंती आहे: बीपी मोजल्यावर तो आकडा बाईला मोठ्याने सांगा आणि तिच्यासमोर कार्डावर लिहा. एवढ्याला ना पैसा लागतो, ना नवी खोली. आणि बायांनो, १४०/९० किंवा त्याच्या वर दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. १६०/११० असेल तर त्याच घटकेला निघा. डोकं दुखायचं थांबत नसेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, उजवीकडे बरगडीखाली दुखत असेल, तोंड-हात सुजले असतील, तर आकडा काहीही असो, जा. बाळंत झाल्यावरही सहा आठवडे मोजत राहा. माझं घरी आल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा चढलं होतं. सोबत येणाऱ्या नवऱ्यांनी बाहेर गाडीवर बसून राहू नये, आत यावं. डोकेदुखीनं गळून गेलेल्या बाईला भांडायचं बळ नसतं, तेव्हा तिच्या वतीनं कुणीतरी विचारायला हवं.

माझं नाव कृपया छापू नये. त्या सिस्टर आमच्याच भागात राहतात, त्यांचे ब्लाऊज मीच शिवते, आणि हे पत्र पाठवण्याआधी मी त्यांना वाचून दाखवलं आहे.

आपली,
एक वाचक, ता. बार्शी, जि. सोलापूर