मेस्त्रीकाका, माझा हात बरा आहे

वेंगुर्ला, श्रावण

आदरणीय मेस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच पावसाचा विषय काढता. समोर आले तर चहा मागवता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. कोकणात घरच्या पडवीत स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक उभ्या पात्याने लाकडात नक्षी कापणारं विजेचं मशीन, मांडून बसलेली माझ्यासारखी आणखी माणसं असतील. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांनाही मिळावं, हा दुसरा हेतू.

मशीन मी २०२३ साली निवृत्तीच्या पैशातून घेतली. एका मोठ्या शहरातल्या दुकानातून मागवली होती. दुकानदाराने मशीनबरोबर पाच-सहा पाती दिली. ती दोन्ही टोकांना आडवी पिन असलेली होती. ती तुटल्यावर कळलं की अशी पाती आपल्या भागात मिळत नाहीत, आणि मिळाली तरी बारीक जाळी, म्हणजे भोकाभोकांची नक्षी, त्यांनी कापताच येत नाही, कारण पिन आत जाईल एवढं मोठं भोक आधी पाडावं लागतं. हे मला विकताना कोणी सांगितलं नाही. तरी शिकत राहिले.

पुढच्या वर्षी जुलैत आमच्या मागीलदारच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. ते निघाल्यावर पुन्हा मशीनवर बसले तर सरळ रेघ कापता येईना. पेन्सिलीच्या रेघेवर पातं ठेवायचं, पुढे सरकायचं, आणि दोन इंचांत पातं उजवीकडे गेलेलं. पुन्हा नवी फळी, पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले हाड जुळलंय. पण मला खात्री झाली होती की हातातलं बळ गेलं. बत्तीस वर्षं फळ्यावर सरळ ओळी लिहिल्या त्या हाताचं हे असं झालं, म्हणून मी रात्री रडलेही आहे. घरात कोणाला बोलले नव्हते, आज लिहिते.

मशीन कोणाला तरी देऊन टाकावी या विचाराने मी दिवाळीनंतर सावंतवाडीला आले. मोती तलावावरून चितारआळीत शिरले, लाकडी आंबे, पपया, केळी मांडलेल्या दुकानांपुढून विचारत विचारत तुमच्या पडवीपर्यंत पोचले. तुम्ही मुलांचे कोड्यांचे पट कापत होतात. माझं सगळं ऐकून घेतलंत आणि काही न बोलता माझ्या पिशवीतलं एक पातं काढलंत. अंगठ्याच्या नखावर ते आडवं टेकवून हळूच ओढलंत. मग उलटं करून पुन्हा ओढलंत. आणि माझा अंगठा पुढे करायला सांगून माझ्या नखावर तेच केलंत. एका अंगाने पातं गुळगुळीत सरकलं, दुसऱ्या अंगाने नखाला खरखर लागली.

"बाईनू, हात तुमचो बरो असा. वडता तां पातां."

मेस्त्रीकाका, त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे.

तुम्ही समजावलंत ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. पात्याचे दात पाडताना एका बाजूला धातूची बारीकशी कड उरते. त्या बाजूने पातं जास्त खातं, म्हणून ते त्या अंगाला ओढतं, बहुतेक वेळा उजवीकडेच. हे जगातल्या जवळजवळ सगळ्या साध्या पात्यांचं आहे, माझ्या एकटीच्या नाही. रेघ अगदी नाकासमोर ठेवून ढकललं तर कोणाचंही पातं रेघ सोडणार. त्यावर उपाय काय, तर एक टाकाऊ फळी घ्यायची, तिच्यावर लांब सरळ रेघ मारायची आणि पातं रेघेवर राहील तशी फळी हळूहळू फिरवत कापत न्यायची. अर्ध्यावर थांबून बघायचं की फळी किती तिरकी धरली गेली आहे. तोच त्या पात्याचा कोन. तीनचार अंशांचा असतो. पुढचं सगळं काम तो कोन धरून करायचं. नवं पाकीट उघडलं की पुन्हा एक रेघ.

तुम्ही माझ्यासमोर मला तसं करायला लावलंत. माझं मनगट धरलं नाहीत, मशीनला हात लावला नाहीत, नुसते बाजूला उभे राहिलात. मी एक फूटभर रेघ कापली आणि पेन्सिलीची काळी रेघ कापाच्या डाव्या काठावर शेवटपर्यंत दिसत राहिली. त्या फळीचा तुकडा मी अजून देवघराच्या कोनाड्यात ठेवला आहे.

त्या दिवशी मला वाटलं होतं तुमचं शिकवणं संपलं, पण ते गेल्या पावसाळ्यापर्यंत चालू राहिलं. वाचणाऱ्यांसाठी त्यातलं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं लिहिते.

पात्यांचा ताण कसा बघायचा हे कोणत्या पुस्तिकेतून मला कळलं नव्हतं. तुम्ही पात्याला नखाने टिचकी मारलीत आणि म्हणालात, तंबोऱ्याची तार लावतात तसं ऐकायचं. ढिलं पातं धप्प वाजतं, लागलेलं पातं स्वच्छ टणत्कार देतं. पातं ढिलं असलं की जाड लाकडात ते पोटात वाकतं आणि वरून बरोबर दिसणारा तुकडा खालून फुगीर निघतो. माझे कोड्याचे तुकडे एकमेकांत बसत नव्हते त्याचं कारण तेच होतं.

टेबल काटकोनात आहे की नाही तेही तुम्ही गुण्याशिवाय, म्हणजे काटकोन मापायच्या अवजाराशिवाय, दाखवलंत. दीड इंच जाड तुकड्यावर जरासा काप घ्यायचा, मशीन बंद करायची, तुकडा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूने आणायचा. काप पात्यावर आपोआप बसला तर टेबल सरळ, पातं कुठे अडलं तर टेबल कललेलं. आता मी प्रत्येक नव्या कामाआधी हे करते. पाच मिनिटांचं काम आहे.

पिनेच्या पात्यांपासून सुटका तुम्हीच केलीत. बिनपिनेचं पातं धरणारे चाप मागवून बसवून दिलेत. आता एक-दीड मिलिमीटरच्या बिटने भोक पाडलं की पातं आत जातं. भोक नेहमी टाकाऊ भागात, खाली दुसरी फळी ठेवून, म्हणजे मागून ढलपी उडत नाही. ६ मिलिमीटरच्या प्लायला ३ नंबरचं पातं, पाऊण इंची फणसाच्या फळीला ५ किंवा ७. नंबर वाढला की पातं रुंद आणि दात कमी. ज्या पात्याचे खालचे थोडे दात उलटे असतात तेच घ्या, खालची बाजू चिरफाळत नाही, हेही तुमचंच सांगणं. आणि पात्यात काटकसर करू नये. लाकूड ढकलावं लागलं, कडा काळी पडू लागली, की पातं बदलायचं, मग ते पंधरा मिनिटंच वापरलेलं का असेना. मी शिक्षिका, वह्यांची कोरी पानंसुद्धा जपून ठेवणारी. मला हे जड गेलं. पण बोथट पात्यावर जोर देतानाच बोट पुढे जातं, हे तुम्ही स्वतःच्या डाव्या तर्जनीवरचा व्रण दाखवून सांगितलंत, तेव्हापासून मी ऐकते.

फणसाबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमच्या परड्यातला फणस आडवा झाला. सासऱ्यांनी लावलेलं झाड. जळाऊ म्हणून घालवायचं जिवावर आलं, म्हणून वखारीतून इंची फळ्या पाडून आणल्या आणि त्या माळ्यावर पडून होत्या. तुम्ही बघायला आलात, फळी वाजवून पाहिलीत, टोकांकडच्या चिरा बोटाने मोजल्यात. इंचाला एक वर्ष सुकायला द्यावं हा तुमचा हिशोब. त्या हिशोबाने माझ्या फळ्या केव्हाच तयार होत्या, मला ठाऊक नव्हतं. टोकांना पाडल्या पाडल्या रंग किंवा मेण फासलं असतं तर एवढ्या चिरा गेल्या नसत्या, हेही तेव्हाच कळलं. कापताना पिवळाधमक भुसा पडतो, आणि कापलेली जाळी उजेडात राहिली की महिन्या-महिन्याने मधासारखी, मग तपकिरी होत जाते. मला ते रोज बघावंसं वाटतं. फणस कापताना कडा जळायच्या, त्यावर नक्षीच्या कागदावरून पॅकिंगची चिकटपट्टी लावायची युक्ती तुम्ही दिलीत. पातं त्या पट्टीवरून जाताना सुळकन जातं आणि लाकूड जळत नाही. इतकी साधी गोष्ट!

आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्यासाठी बाहेरच्या पुस्तिका कामाच्या नाहीत. पहिल्या पावसाळ्यात माझी सगळी पाती तांबूस झाली आणि टेबलावर गंज चढला. तुम्ही सांगितल्यापासून पाती घट्ट झाकणाच्या नळीत, मशीनच्या तेलाचं बोट फिरवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवते, सोबत ओल शोषणारी सिलिकाची पुडी. वापरण्याआधी पुसायचं, नाहीतर लाकडाला डाग. टेबलाला मे महिन्यात मेण घासून कोरड्या फडक्याने चमकवून ठेवते. गंजही येत नाही आणि फळीही हाताखाली सरकते. मशीनच्या पायांखाली तुम्ही दिलेले टायरचे तुकडे अजून आहेत. ते घातल्यापासून थरथर इतकी कमी झाली की शेजारच्या वहिनींनी विचारलं, मशीन बंद पडली का?

चपडा पॉलिश (लाखेचं) पावसात करू नका, पांढरी झाक येते, हे तुम्ही सांगितलं होतंत आणि मी तरी केलं. झाक आली. पुन्हा घासून ऊन पडेपर्यंत थांबले. "घाय कित्याक? लाकूड खंय पळान जाता?" असं तुम्ही म्हणालात, रागावला नाहीत. आता पावसात गरज पडलीच तर जाळीला अळशीचं तेल लावते, आणि तेलाची फडकी बोळा करून कधीच टाकत नाही. ती आपोआप पेट घेतात, म्हणून दोरीवर पसरून वाळवते. हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं. आमच्याकडे लाकडाची घरं आहेत, गवताच्या गंजी आहेत.

भुशाचंही तेच. मास्क लावल्याशिवाय मी आता बसत नाही, पदर खोचते, चष्मा घालते. पातं तुटलं की वरचा तुकडा वर-खाली नाचत राहतो, म्हणून पायाचा स्विच बसवून घेतला.

आता मुख्य बातमी. यंदा गणपतीला थर्माकोलचं काही नाही. तसं २०१८ च्या बंदीपासून आमच्या घरी ते बंदच होतं, पण त्या जागी बाजारातला कागदी पडदा यायचा. यंदा मखर फणसाचं आणि प्लायचं, मी कापलेलं. दोन बाजूंना सारख्या जाळ्या हव्या होत्या, त्यासाठी ४ मिलिमीटरचे तीन प्लाय एकावर एक ठेवून टाकाऊ भागात दुहेरी टेप लावला, कडेने चिकटपट्टी गुंडाळली आणि एकदाच कापले. तिसरी जाळी तुमच्यासाठी आहे. नक्षी सुरंगीच्या वळेसराची, म्हणजे गजऱ्याची आहे. एका जाळीत एकशे अठरा भोकं, म्हणजे एकशे अठरा वेळा पातं वरून सोडवून, आत ओवून, पुन्हा ताणायचं. मधली बारीक भोकं आधी, कडेची मोठी नंतर, बाहेरची कड सगळ्यात शेवटी, म्हणजे फळीत शेवटपर्यंत बळ राहतं. अकरा संध्याकाळी लागल्या. दोन वेळा वीज गेली, एकदा पाकळी तुटली. तुटलेली पाकळी फेव्हिकॉलने बसवली आहे, कोणती ते तुम्ही ओळखाल.

मनगट पाऊस आला की अजून दुखतं. पण रेघ सुटत नाही.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. चापाचेसुद्धा घेतले नाहीत. सावंतवाडी ते वेंगुर्ला एसटीने दोनदा आलात, एकदा भर पावसात, छत्रीपेक्षा पात्यांची पिशवी जपत. माझे वडील मी लहान असताना गेले. हाताला धरून काम शिकवणारं माणूस मला साठीला भेटलं. हे तुमच्या तोंडावर मला कधी बोलता आलं नसतं.

चतुर्थीला काकूंना घेऊन या. आरतीनंतर भजन आहे, उकडीचे मोदक आहेत, काळ्या वाटाण्याचं सांबारं आहे. तुमची जाळी कागदात बांधून ठेवते.

आपली नम्र,
वेंगुर्ल्याच्या बाई

ता. क. माटवीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीच्या, पुढची पट्टी अजून कापायची आहे आणि ५ नंबरची पाती दोनच उरलीत. तुमच्याकडे असली तर सहा घेऊन या. या वेळी पैसे घ्यायचे.