कोकणचे खत देशावर चालत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की पुरवण्यांमधून आणि व्हॉट्सअॅपवर बागेच्या खतांचे सल्ले सुरू होतात: हाडांचा चुरा, अंड्यांची टरफले, कुंडीच्या कडेने चमचाभर डीएपी हे रासायनिक खत. माती कुठली, हे मात्र कोणी विचारत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाची जांभ्याची माती आम्ल असते. पुणे, नगर, सोलापूर, संभाजीनगर या पट्ट्यातली काळी माती बहुतेक ठिकाणी चुनखडीची, सामू (पीएच) साडेसात ते साडेआठ. दोन्हींना एकच सल्ला लागू पडणार कसा?

हाडांच्या चुऱ्यातला स्फुरद (फॉस्फरस) सुटायला आम्लता लागते. कोकणात तो हळूहळू झाडाला मिळतो. देशावर वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो, आणि वासाने कुत्री झाडाभोवतीची आळी उकरतात ते वेगळेच. अंड्याचे टरफल म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. ज्या मातीत चुना आधीच जास्त, तिथे ते घालून काय साधते? टोमॅटोचे बूड काळे पडते ते बहुधा पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही अशा पाळ्यांमुळे. त्यात कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही. पाणी नियमित करा, आळ्यात पालापाचोळा पसरा.

आपली माती कोणती हे घरी ताडता येते. वाळलेल्या मातीवर थोडे व्हिनेगर टाका. बुडबुडे येऊन फसफसली तर चुनखडी आहे. रोपवाटिकेतली लाल माती आणली म्हणजे ती आम्लच असेल असेही नाही. तिचीही परीक्षा घ्यावी.

सर्वाधिक घोळ पिवळ्या पानांवरून होतो. खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह कमी. जास्वंद, अनंत, एक्झोरा आणि लिंबूवर्गीय झाडांवर देशावर हे सर्रास दिसते. लोक दोन्ही वेळा युरियाच घालतात. लोह कमी असताना युरियाने वाढीचा जोर येतो आणि नवी पालवी आणखी फिकी निघते. अशा वेळी लिटरभर पाण्यात आधी 1 ग्रॅम लिंबूसत्त्व, मग 5 ग्रॅम फेरस सल्फेट (हिराकस) विरघळवून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावे आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा. द्रावण ताजेच हवे. हिराकसाचे खडे फिकट हिरवे असावेत, तांबूस-पिवळे झालेले घेऊ नयेत. नुसते मातीत टाकलेले हिराकस चुनखडीत बद्ध होते, म्हणून मातीतूनच द्यायचे तर ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड, म्हणजे मातीत बद्ध होऊ नये असे सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेले, लोह घ्यावे. महाग आहे, पण चढ्या सामूतही ते टिकते.

डीएपीत 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद असतो. नत्र वाहून जाते, स्फुरद मातीत साठतो आणि लोह व जस्ताची वाट अडवतो. दर दोन महिन्यांनी चमचाभर डीएपी खाणारा गुलाब फुलांऐवजी पिवळी पाने देतो, ते याच कारणाने. कुंडीला महिन्याला मूठभर गांडूळखत पुरते. नुसत्या कोकोपीटमध्ये लावले असेल तर पंधरा दिवसांनी 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 1 ते 2 ग्रॅम, तेही कोकोपीट ओले असताना. बोअरचे पाणी वापरत असाल तर कुंडीच्या काठावर क्षारांचे पांढरे पापुद्रे येतात आणि पानांची टोके करपतात. मग खत थांबवून कुंडीच्या दुप्पट पाणी खालून निथळेपर्यंत घालावे.

हिरवळीचा (लॉनचा) हिशेब वजनावर करावा. एक गुंठ्याला, म्हणजे सुमारे 100 चौरस मीटरला, एका वेळी 1 किलो युरिया ही कमाल मर्यादा. चुनखडीच्या जमिनीत त्याऐवजी सव्वादोन किलो अमोनियम सल्फेट चांगले. नत्र तेवढेच, शिवाय गंधक मिळते आणि सामू थोडा उतरतो. पाच-सहा पट कोरड्या वाळूत मिसळून निम्मे लांबीने, निम्मे रुंदीने फेकावे, म्हणजे पट्टे उमटत नाहीत. गवत कोरडे हवे आणि लगेच पाणी हवे. दवाने ओल्या पात्याला खत चिकटले की डाग जळतात, आणि पाणी लांबवले की युरियातले नत्र अमोनिया होऊन उडून जाते. जूनअखेर, सप्टेंबरअखेर आणि फेब्रुवारीअखेर असे तीन हप्ते दुर्वांच्या हिरवळीला पुष्कळ झाले. थंडीत तिची वाढ मंदावते, तेव्हा काही घालू नये. हिरवळीवर कच्चे शेण तर कधीच पसरू नये. त्यातून हुमणी (मुळे खाणारी अळी) येते आणि मग मुळांसकट गवत गालिच्यासारखे उचलले जाते.

कृषी महाविद्यालयांत आणि कृषी विज्ञान केंद्रांत माती तपासून मिळते. खत घातल्यावर दोन-तीन महिने थांबून पाच-सहा ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करावी, सावलीत वाळवावी आणि अर्धा किलो कापडी पिशवीतून द्यावी. खताच्या रिकाम्या पोत्यातून नको. सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब यांबरोबर मुक्त चुना, लोह आणि जस्त आवर्जून मागून घ्यावे.

– एक वाचक, पुणे