घर सोडतीआधीच हुकते, ते कागदांत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

म्हाडाची सोडत जवळ आली की वर्तमानपत्रांत दोनच आकडे झळकतात, घरे किती आणि अर्ज किती. मुंबई मंडळाच्या सोडतीत २०२३ साली ४,०८२ घरे होती, २०२४ साली २,०३०. दोन्ही वेळी अर्ज लाखाच्या वर गेले. एवढ्या गर्दीत माणूस सगळा भार नशिबावर टाकतो आणि मोकळा होतो. मात्र अर्ज भरायला मदत करणाऱ्यांना रोज दिसते ते वेगळेच. नशिबाची पाळी यायच्या आधीच कितीतरी अर्ज बाद झालेले असतात, आणि त्यातले बहुतेक वाचवता आले असते. त्या चुका नेमक्या कुठे होतात आणि शासनाने काय बदलावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी एक मुद्दा स्पष्ट व्हायला हवा. २०२३ च्या आधी अर्ज, सोडत आणि मग कागदपत्रांची छाननी असा क्रम होता. नाव लागल्यावर वर्ष-वर्ष फायली फिरत आणि घर मिळालेल्याचीही झोप उडे. नव्या संगणकीय प्रणालीत, म्हणजे आयएचएलएमएस २.० मध्ये, हा क्रम उलटा झाला. आता कागद आधी तपासले जातात आणि पात्र ठरलेलेच सोडतीत उतरतात. शिवाय नोंदणी एकदाच करायची, ती कायम राहते, आणि त्यासाठी जाहिरातीची वाट पाहावी लागत नाही. सुधारणा चांगलीच आहे. पण लोकांच्या डोक्यात अजून जुनाच क्रम आहे. जाहिरात वाचून मंडळी नोंदणीला धावतात आणि तोवर अधिवासाचा दाखला मिळायला वेळच उरलेला नसतो.

या दाखल्यावर अडखळणारे सर्वाधिक. घरात जुना, लॅमिनेशन केलेला दाखला जपून ठेवलेला असतो आणि तोच स्कॅन करून चढवला जातो. चालतो तो १ जानेवारी २०१८ नंतर काढलेला, बारकोड असलेला. बारकोड कापला गेला, मोबाइलने तिरका फोटो काढला, सावली पडली, तरी यंत्राला तो वाचता येत नाही. नवा दाखला 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढावा लागतो. लोकसेवा हक्क कायदा २०१५ नुसार त्याची मुदत १५ दिवसांची आहे. उत्पन्नाच्या दाखल्यालाही १५ दिवस, जातीच्या दाखल्याला ४५. अर्थात ही मुदत कागद पूर्ण असतील तेव्हाची. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे आणि आधारवरचे नाव जुळले नाही की अर्ज त्रुटीत जातो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मुदत उलटूनही दाखला मिळाला नाही, तर त्याच कायद्याखाली अपील करता येते. हा हक्क फार थोडे जण वापरतात.

उत्पन्नाचे प्रकरण याहून किचकट, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मुंबई, पुणे, नागपूर या महानगर प्रदेशांत आणि दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च. राज्याच्या उर्वरित भागात पहिल्या दोन मर्यादा साडेचार आणि साडेसात लाख आहेत, पुढे १२ लाख तीच. आता 'कुटुंब' म्हणजे कोण? अर्जदार आणि त्याची पत्नी, किंवा अर्जदार स्त्री आणि तिचा पती. आई-वडील, भाऊ, कमावता मुलगा यांचे उत्पन्न यात येत नाही, पण पती-पत्नी दोघांचे मात्र एकत्र धरले जाते. पतीचा पगार ५ लाख ४० हजार. पत्नी घरी शिकवण्या घेते आणि कधीतरी कर्ज लागेल म्हणून १ लाख १० हजारांचे विवरणपत्र दरवर्षी भरते. बेरीज साडेसहा लाख, म्हणजे हे जोडपे अल्प गटात. पतीने फक्त आपला पगार पाहून अत्यल्प गटात अर्ज केला, तर तो टिकत नाही. ज्या गटात आपण बसतो त्याच्या खालच्या गटात अर्ज करता येत नाही, आणि पत्नीच्या पॅनवर विवरणपत्र भरलेले असेल तर 'तिला उत्पन्न नाही' असे लिहून भागत नाही. हातात पडणारा पगार म्हणजे उत्पन्न, हाही असाच एक गैरसमज. भविष्यनिर्वाह निधी आणि कर कापून बँकेत जमा होणारी रक्कम इथे धरत नाहीत.

वर्षाचा घोळ तर सार्वत्रिक आहे. जाहिरातीत साधारणपणे नुकत्याच संपलेल्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न मागितलेले असते. २०२३-२४ चे उत्पन्न दाखवणाऱ्या विवरणपत्राच्या पोचपावतीवर छापलेले असते 'कर निर्धारण वर्ष २०२४-२५'. अर्जदार पावतीवर २०२३-२४ शोधतो, ती सापडते आणि तीच चढवतो. प्रत्यक्षात ती त्याच्या आदल्या वर्षाच्या उत्पन्नाची असते. विवरणपत्र न भरणाऱ्यांना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालतो, पण त्यावरही त्याच वर्षाचे उत्पन्न हवे. शिष्यवृत्तीसाठी काढलेला मागचा दाखला इथे कामाला येत नाही.

नावांबद्दल थोडक्यात. लग्नानंतर आधारवर सासरचे नाव, पॅनवर माहेरचे, बँकेत तिसरेच काहीतरी, ही स्थिती घरोघरी आहे. नोंदणीपूर्वी आधार आणि पॅन एकसारखे करून घ्यावेत आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना ते पाहावे. ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. घटस्फोटितांना न्यायालयाचा हुकूमनामा लागतो, स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेल्या फारकतीने काम होत नाही. जातीचा दाखला महाराष्ट्रातल्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेलाच हवा. विवाहित स्त्रीने स्वतःच्या, म्हणजे माहेरच्या नावाचा द्यावा, नवऱ्याच्या जातीचा नव्हे. आरक्षणात अनुसूचित जातींना ११ टक्के, जमातींना ६, भटक्या आणि विमुक्त जमातींना प्रत्येकी दीड टक्का असा वाटा आहे. पत्रकारांसाठी अडीच टक्के आहेत. नुसत्या ओळखपत्रावर ते मिळत नाहीत, त्यासाठी माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचा दाखला लागतो.

यानंतर पैशांची बाजू. मुंबईच्या २०२३ च्या सोडतीत प्रत्येक अर्जाला ५९० रुपये शुल्क होते, ५०० अधिक जीएसटी ९०, जे परत मिळत नाही. अनामत रक्कम वेगळी. त्याच सोडतीत ती अत्यल्प गटाला २५ हजार, अल्पला ५० हजार, मध्यमला १ लाख आणि उच्चला दीड लाख होती. प्रत्येक संकेत क्रमांकासाठी, म्हणजे गृहयोजनेला दिलेल्या क्रमांकासाठी, वेगळा अर्ज असल्याने अल्प गटातल्या कुणी पाच संकेतांत नशीब आजमावायचे म्हटले तर अडीच लाख रुपये अडकतात आणि २,९५० रुपये कायमचे जातात. म्हणून आमचा आग्रह असतो की माहिती पुस्तिका आधी बारकाईने वाचावी. प्रत्येक संकेतापुढे चटई क्षेत्र, अंदाजित किंमत आणि आरक्षणनिहाय घरांची संख्या दिलेली असते. आपल्या प्रवर्गापुढे कुठे एकच घर असते, कुठे शून्य. लोक मात्र परिसराचे नाव पाहून अर्ज भरतात.

अनामत भरायला शेवटची रात्र गाठू नये, हे सांगायला नकोच. घर न लागल्यास मिळणाऱ्या परताव्याचे मात्र सांगायला हवे, कारण तो अडकण्यामागे साधे आणि लोकांच्या लक्षात न येणारे एक कारण असते. २०१९ आणि २०२० साली बँकांची विलीनीकरणे झाली. देना बँक ही बँक ऑफ बडोदामध्ये गेली, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँका युनियनमध्ये, सिंडिकेट कॅनरामध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा संकेत, त्यामुळे बदलला. तो जुना संकेत अर्जात टाकला की परतावा उलट फिरतो आणि अनामत परत मिळाली नाही म्हणून अर्जदार फोन करत बसतो. खाते अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचे असावे, आणि संकेत बँकेतून किंवा नव्या धनादेशावरून घ्यावा.

आणखी एक जागा, जिथे वाचणारे अर्ज बुडतात. मुदत संपल्यावर स्वीकृत अर्जांची प्रारूप यादी संकेतस्थळावर लागते आणि दावे-हरकतींसाठी काही दिवस मिळतात. त्यानंतर अंतिम यादी. प्रारूप यादीत नाव नसेल तर दाद मागण्याची हीच वेळ. पैसे भरले म्हणजे अर्ज पक्का झाला असे समजून लोक थेट सोडतीच्या दिवशी नाव शोधतात. तोवर सगळी दारे बंद झालेली असतात, आणि मग 'आतून काम करून देणारा' कुणीतरी भेटतो. म्हाडाने दलाल नेमलेले नाहीत आणि सोडत संगणकाने निघते. २०२४ साली म्हाडाचे हुबेहूब बनावट संकेतस्थळ काढून लोकांना फसवल्याचे प्रकरण पोलिसांत गेले होते, तेव्हा पैसे भरण्याआधी संकेतस्थळाचा पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहावा.

सोडतीत नाव लागल्यावरचा पेच पैशांचा असतो. देकार पत्र आले की किमतीच्या २५ टक्के रक्कम पहिल्या टप्प्यात, उरलेली ७५ टक्के दुसऱ्यात. वर्षाला ६ लाख म्हणजे महिना ५० हजार. बँकेने त्यातले निम्मे हप्त्यासाठी धरले, तरी साडेआठ टक्के दराने २० वर्षांत २९ लाखांच्या आतबाहेरच कर्ज बसते. हे झाले मर्यादेच्या अगदी टोकावर असलेल्या, पगाराची पावती मिळणाऱ्या कुटुंबाचे. रोखीने मजुरी घेणाऱ्याला बँक दारातही उभे करत नाही. २०२३ च्या सोडतीत गोरेगावच्या पहाडी भागातली अत्यल्प गटाची घरे ३० लाखांच्या घरात होती. पंतप्रधान आवास योजनेत बसणाऱ्यांना केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख अनुदान मिळते, पण त्याची अट कडक आहे, देशात कुठेही पक्के घर असता कामा नये. त्याच २०२३ च्या सोडतीत ताडदेवला उच्च गटासाठी साडेसात कोटींचे घर होते. ज्यांच्यासाठी हे प्राधिकरण १९७७ साली उभे राहिले ते या किमतीच्या जवळपासही नव्हते, एवढेच म्हणतो. बँकेकडून तत्त्वतः मंजुरी घेऊनच अर्ज करावा. घर लागून ते परत करण्याची पाळी येणे फार जिव्हारी लागते.

आता शासनाकडे मागणे. दाखल्यांची पडताळणी वर्षभर चालू राहावी, नाकारल्याचा शेरा मराठीत आणि नेमका असावा. 'कागदपत्र अवैध' एवढ्याने अर्जदाराला काही कळत नाही, 'बारकोड वाचता आला नाही' म्हटले की कळते. प्रत्येक विभाग कार्यालयात आणि तालुक्याला एक मदत खिडकी हवी. आज हे काम सायबर कॅफेवाले मनाला येईल ते पैसे घेऊन करतात आणि चुकाही तिथेच होतात.

मुख्य मागणी मात्र प्रतीक्षेबद्दलची आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिल घर हवे असलेल्यांची नोंदवही ठेवते. १९९६ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार बेघर, दाटीवाटीने किंवा आरोग्याला घातक जागेत राहणारे, आजारपणामुळे घर बदलणे भाग असलेले अशांना अग्रक्रम द्यावा लागतो, आणि समान गरजेच्या अर्जदारांत बहुधा नोंदणीची तारीख पाहिली जाते. तिथली घरे भाड्याची असतात, आणि त्या नोंदवह्यांत दहा लाखांहून अधिक कुटुंबे ताटकळत आहेत, हेही खरे. ती पद्धत जशीच्या तशी इथे आणावी असे आम्ही म्हणत नाही. निव्वळ ज्येष्ठतेने घरे दिली तर नव्या अर्जदाराला आयुष्यभर आशा उरणार नाही. पण आपल्याकडे दहाव्यांदा अर्ज करणारा आणि पहिल्यांदा करणारा यांच्यात काहीच फरक नाही, हेही न्यायाचे नाही. मधला मार्ग सोपा आहे. पात्र ठरूनही सोडतीत अपयशी झालेल्याला पुढच्या वेळी त्याच गटात एक जादा संधी द्यावी, तीन सोडतींनंतर दोन, आणि कमाल मर्यादा घालावी. त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. नोंदणी कायमस्वरूपी आहे, तेव्हा ती कधी झाली आणि त्यावर किती अर्ज आले याची माहिती म्हाडाच्या संगणकात आहेच. गृहनिर्माण विभागाने तसा शासन निर्णय काढून पुढच्या सोडतीच्या माहिती पुस्तिकेत त्याचा समावेश करावा.

आपले,
गृहनिर्माण अर्जदारांना साहाय्य करणारे काही स्वयंसेवक, मुंबई