नानांच्या वेळचं तिकीट

नेरुळ, नवी मुंबई
११ जानेवारी

प्रिय मिलिंद,

ऑगस्टपासून हे पत्र मनात घोळतंय.

नाना गेल्याचा तुझा फोन सकाळी अकराला आला. ताई बंगळुरूहून यायची होती, म्हणून अंत्यविधी दुसऱ्या दिवशी दहाला ठरला. मी लगेच मोबाईलवर नागपूरचं संध्याकाळचं विमान बघितलं. ८,९०० रुपये. मुलीच्या फीचा हप्ता त्याच आठवड्यात होता. बायकोशी बोललो, खात्यातली शिल्लक पाहिली आणि परत स्क्रीन उघडली, तर १४,३००. माझा अंगठा तिथेच अडला. तुला म्हणालो, तिकीट मिळालं नाही. ते खोटं होतं रे. तिकीट होतं.

ठाण्याहून रात्रीच्या गाडीत जनरल डब्यात चढलो. कॉलेजात असताना सुट्टी संपली की नाना मला सोडायला स्टेशनवर यायचे, गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज सोडायचे नाहीत. तसाच एक गज धरून रात्र काढली. गाडी दोन तास लेट झाली. घाटावर आलो तेव्हा माणसं परतत होती.

मला फार राग येतो. एकाच विमानातल्या सारख्याच खुर्च्या वेगवेगळ्या दरांच्या गटांत वाटलेल्या असतात. स्वस्त गट संपला की पुढचा महाग गट उघडतो. लग्नाला जायचं तिकीट तीन महिने आधी काढणाऱ्याला स्वस्त, आणि ज्याचं माणूस आज गेलं त्याला सगळ्यात महाग. १९९४ मध्ये सरकारी विमान कंपन्यांना मक्तेदारी देणारा जुना कायदा रद्द झाल्यापासून भाडं कंपन्याच ठरवतात. विमानाचं इंधन अजून जीएसटीबाहेर, त्यावर प्रत्येक राज्याचा वेगळा व्हॅट, हे मला कळतं. खर्च त्यांनाही आहे. पण इंधन काही वीस मिनिटांत पाच हजारांनी महागलं नव्हतं! सरकारच्या उडान योजनेत तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली, तीही लहान विमानतळांच्या मार्गांवर, ठरावीक जागांपुरती. तातडीने निघालेल्या माणसासाठीही प्रत्येक विमानात अशा चार जागा बांधलेल्या भाड्याच्या का नसाव्यात?

आता २५ डिसेंबरपासून आमच्या दाराशीच विमानतळ सुरू झालाय. गच्चीवर कपडे वाळत घालताना विमान दिसलं की बायको माझ्याकडे बघते, बोलत काही नाही.

वर्षश्राद्धाची तिथी कळव. तारीख कळली की त्याच दिवशी तिकीट काढतो. आणि तू कधी इकडे यायचं ठरवलंस, तर भाडं बघत बसू नकोस. आधी मला फोन कर.

काकूंना नमस्कार सांग. त्या रात्रीचं खरं काय ते त्यांनाही सांग. माझ्याच्याने त्यांच्यासमोर बोलवलं नसतं.

तुझा,
सुहास