जुन्या नावाची सायकल आज घ्यावी का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात हे आपल्या बऱ्याच वाचकांना माहीत असेल. राज्यातले १२५ मागास तालुके त्यात आहेत, आधी साडेतीन हजार मिळायचे ते २०२२ मध्ये पाच हजार झाले. पैसे खात्यावर येतात पण सायकल पालकांनी स्वतः दुकानात जाऊन बघून घ्यायची असते, आणि पंचाईत तिथेच होते. मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते, शाळा उघडली की पालक हाच प्रश्न घेऊन येतात, मॅडम, नावाच्या कंपनीचीच घ्यावी का? म्हणजे हिरो, ॲटलस, हर्क्युलस, बीएसए, ॲव्हॉन. आजोबांनी वापरलेली नावं आहेत ही, त्यामुळे विश्वास आहे, आणि दुकानदारही तेच नाव पुढे करून पाहिजे ती सायकल गळ्यात मारतो.

माझं मत सरळ सांगते. जुन्या कंपनीची सायकल आजही घेण्यासारखी आहे, पण फक्त त्यांचं साधं मॉडेल. त्याच कंपनीचं त्याच शोरूममध्ये पुढे मांडलेलं शॉकप-डिस्कब्रेक-गिअरवालं स्वस्त मॉडेल शाळेच्या मुलीसाठी अजिबात घेऊ नये, नाव कितीही मोठं असलं तरी.

आधी नावाबद्दल बोलू, कारण त्यात लोकांचे फार गैरसमज आहेत. माझ्याकडे दोन पालक आले होते, एक म्हणे हर्क्युलस चांगली, दुसरे म्हणे बीएसए, चांगले वादाला लागले होते. आता या दोन्ही सायकली एकाच कंपनीच्या आहेत, चेन्नईच्या मुरुगप्पा ग्रुपची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स, १९४९ ची कंपनी, अंबत्तूरला कारखाना निघाला तिचा. हर्क्युलस हे मूळचं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं नाव, आणि बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ साली बंदुका बनवायला निघालेली कंपनी, म्हणून तर तिच्या जुन्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका असायच्या. तिचा सायकलचा धंदा १९५७ मध्ये रॅले या इंग्लंडच्याच सायकल कंपनीने घेतला, रॅले १९६० मध्ये इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सकडे गेली, म्हणजे जिच्या साथीने चेन्नईची कंपनी निघाली तिच्याकडे, आणि आज आपल्या मुली लेडीबर्ड चालवतात तिच्यावर ते बीएसए नाव आहे. म्हणजे बंदूकवाल्या कारखान्याचं नाव आहे पण त्या कारखान्याचा आणि या सायकलीचा काही संबंध नाही, ही सायकल इथल्या कंपनीची, इथल्या मापाची आहे. ती चांगली निघाली तर इथल्या लोकांच्या कामामुळे निघते, दीडशे वर्षांच्या नावामुळे नाही.

ॲटलसचं तर ताजंच आहे. १९५१ ला सोनीपतमध्ये सुरू झालेली कंपनी, देशभर गावोगाव जिच्या सायकली गेल्या, तिचा साहिबाबादचा शेवटचा चालू कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता. मला ती बातमी वाचून फार वाईट वाटलं होतं. आपल्या मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता, तोही असाच आजारी पडला, १९८० मध्ये कायदा करून केंद्र सरकारने हिंद सायकल आणि आसनसोलची सेन-रॅले दोन्ही ताब्यात घेतल्या तरी त्या तगल्या नाहीत. आज वरळीत हिंद सायकल रोड आहे, सायकल नाही. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की जुनी कंपनी आहे म्हणजे ती उद्या असेलच, तिची गॅरंटी चालेलच असं धरून सायकल घेऊ नये.

मग साधं मॉडेल तरी का घ्यायचं? तर पार्टसाठी. आपल्याकडच्या साध्या सायकलीचं माप वर्षानुवर्षं बदललेलं नाही. कॉटर पिन, छर्रे, कोन (चाकातले छर्रे धरून ठेवणारा नट), एक्सल, चेन, ब्रेकचे रबर, टायर-ट्यूब, हे हिरोचं ॲटलसला आणि ॲटलसचं ॲव्हॉनला बहुतेक बसतं, कारण लुधियानात हे पार्ट बनवणारे शेकडो छोटे कारखाने आहेत आणि ते सगळे त्याच मापात बनवतात. म्हणून ॲटलसचा कारखाना बंद झाला तरी आमच्या बसस्टँडजवळचा मिस्त्री जुनी ॲटलस अजून उभी करून देतो, त्याच्याकडे डालड्याच्या डब्यात सगळं पडलेलं असतं. साध्या मॉडेलची खरी गॅरंटी ही आहे, गावात दुरुस्त होणं.

आता फॅन्सी मॉडेलचं बघा. पुढे शॉकप, मधे अजून एक शॉकप, दोन्हीकडे डिस्क, जाड टायर, सहा-सात गिअर, आणि किंमत नऊ-दहा हजारांच्या घरात. एवढ्या पैशात हे सगळं चांगल्या प्रतीचं येऊच शकत नाही, मग कंपनी जुनी असो की नवी. त्या शॉकपमध्ये नुसती स्प्रिंग असते, धक्का आवरणारं आत काही नसतं, म्हणजे मुलगी चढावर उभी राहून पायडल मारते तेव्हा बराच जोर सायकल खालीवर करण्यात जातो. वजन वाढतं ते वेगळंच. डिस्कब्रेकचे पत्र्याचे कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारे चिमटे, जरा सरकले की पॅड घासायला लागतात, चाक जड फिरतं, आणि ते सरळ करणारा माणूस तालुक्याला सापडत नाही. गिअरचं तर मिस्त्रीनेच मला खोलून दाखवलं. मागच्या चाकात सहा-सात दातेरी चकत्यांचं फ्रीव्हील बसवलं की छर्ऱ्यांची वाटी आतल्या बाजूला राहते आणि उजवीकडे एक्सलचा बराच भाग बिनआधाराचा बाहेर येतो, मग कॅरिअरवर मैत्रीण बसली आणि खड्डा लागला की एक्सल वाकतो किंवा तुटतोच. एका चकतीच्या साध्या फ्रीव्हीलला ही भानगड नाही कारण वाटी जवळजवळ काठावर असते.

पण माझा सगळ्यात मोठा आक्षेप वेगळाच आहे आणि तो कुठल्या जाहिरातीत दिसणार नाही. या फॅन्सी सायकलींना फुल चेनकव्हर नसतं. आमच्या मुलींचा गणवेश सलवार-कमीज-ओढणी आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या नववीतल्या मुलीची ओढणी चेन आणि चकतीच्या मधे गेली आणि गळ्याला ओढ बसून ती रस्त्यावर पडली, नशीब की मागून गाडी नव्हती. सायकल नावाजलेल्या कंपनीचीच होती, वडिलांनी वर चार हजार घालून हौसेने घेतलेली. आम्ही ओढणी सोडवायला बसलो तर ती दातांमध्ये अशी घट्ट गुंडाळली होती की शेवटी कात्रीने कापावी लागली, सायकल मिस्त्रीकडे नेली तर तो म्हणाला या फ्रेमला चेनकव्हर बसवायला जागाच दिलेली नाही. साध्या लेडीज सायकलला पूर्ण चेनकव्हर असतं, मागच्या चाकाला जाळी लावता येते, वाकडी दांडी असते म्हणून चढउतार सोपं, कॅरिअर असतं, दप्तर बसतं. हे सगळं मुलींचं रोजचं जगणं बघून कुणीतरी फार पूर्वी विचार करून केलेलं आहे आणि ते आज काढून टाकून त्या जागी स्टिकर लावायचे हे मला पटत नाही.

दुसरं म्हणजे आमची काळी माती. ओली झाली की टायरला थराने चिकटत जाते. ज्या सायकलीला टायर जाड आणि मडगार्डमध्ये जागा कमी, तिचं चाक शंभर पावलांत जाम होतं. पावसाळ्यात शेतरस्त्याने येणाऱ्या मुली दर थोड्या अंतरावर उतरून काडीने चिखल खरवडतात, शाळेत येईपर्यंत पहिला तास संपलेला असतो. बारीक टायर आणि मोठं मडगार्ड असलेली साधी सायकल यात बरी पडते, तीही अडकते पण कमी. बाभळीचा काटा मात्र कुठल्याही कंपनीला सोडत नाही, त्याला पंक्चरचं सामान जवळ ठेवणं एवढाच इलाज.

साध्या सायकलीतही दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ती जड असते, मोठी काळी डबल बार सायकल तर वीस किलोच्या आसपास भरते, आठवीच्या मुलीला ती पुलावर ढकलत न्यायची म्हणजे शिक्षाच. आणि स्टीलच्या चमकणाऱ्या रिमवर पावसात ब्रेक नीट लागत नाही, रबर घसरतं, हे रॉडच्या ब्रेकलाही लागू आहे आणि वायरच्याही. ॲल्युमिनियमच्या रिमवर ओल्यात ब्रेक बराच बरा लागतो, तेव्हा त्याच साध्या मॉडेलमध्ये थोडे पैसे जास्त देऊन अशी रिम मिळत असेल तर जरूर घ्या, तेवढे पैसे मी शॉकपवर घालण्याऐवजी इथे घालीन. ते नाही जमलं तर मुलीला पावसात आधीपासून हलका ब्रेक दाबत रिम कोरडी करून घ्यायची सवय लावा.

किमतीचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, दुकानदाराला बिल मागा म्हणजे कमी झालेला कर तुमच्यापर्यंत आला का ते कळेल. तरी पाच हजारात चांगल्या कंपनीची साधी लेडीज सायकल जेमतेम बसते, पुष्कळ ठिकाणी वर काही घालावेच लागतात. सरकारने ही रक्कम पुन्हा एकदा बघावी अशी माझी या पत्रातून विनंती आहे. आणि रकमेबरोबर एवढं एक साधं पत्रक पंचायत समितीने शाळांना द्यावं की सायकल घेताना फुल चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, घंटी आणि मागचा रिफ्लेक्टर असल्याशिवाय घेऊ नका. एवढं पत्रक दिलं तरी दुकानदार पुढे काय मांडतात ते बदलेल.

दुकानात गेल्यावर काय बघायचं तेही सांगते, कारण जुन्या कंपनीची सायकलसुद्धा खोक्यात अर्धवट सुटी येते आणि ती जुळवतो तो दुकानातला पोऱ्या, कंपनी नाही. तो घाईत असेल तर चांगली सायकल पण महिन्यात खिळखिळी होते. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघा, रिम डावीउजवीकडे लहरत असेल तर चाक आऊट म्हणजे वाकडं आहे, ते तिथेच सरळ करून घ्या. मग चाक हातात धरून आडवं हलवा, खटखट लागली तर कोन सैल आहे, आणि एकदम घट्ट फिरत असेल तर जास्त कसलाय, दोन्ही वाईट. दोन दोन आरे चिमटीत दाबून बघा, एखादा ढिला लागला तर बाकीच्यांवर ताण येऊन ते तुटणार. पायडल उलटं फिरवा, चेन कव्हरला घासायला नको. मुलीला बरोबर न्या, तिला सीटवर बसवा, पायाचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, पुढे वाढेल म्हणून मोठी घेऊ नका कारण आज ती पडेल. फ्रेमवर, बहुधा खालच्या बाजूला, ठोकलेला नंबर असतो तो बिलावर लिहून घ्या, चोरी झाली तर पोलीस तोच विचारतात.

ऑनलाइन मागवू नका असं मी आमच्या पालकांना स्पष्ट सांगते. शंभर-दोनशे वाचतात पण सायकल सुटी येते, गावातला मिस्त्री जुळवायचे वेगळे पैसे घेतो आणि नंतर काही बिघडलं की तो म्हणतो जिथून घेतली तिथे विचारा, त्याचंही बरोबर आहे.

आपल्या वर्तमानपत्राला एक विनंती. सायकलवर लेख येतात ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांच्या महागड्या सायकलींवर असतात, त्यांना माझा विरोध नाही, पण आमच्या जिल्ह्यात सायकल ही मुलीची बारावी होणार की आठवीनंतर शाळा सुटणार हे ठरवते. एसटी गावात येत नाही आणि आली तर वेळेवर नसते. तेव्हा जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी, सायकल कशी घ्यावी यावर अर्धं पान आमच्यासाठी द्या, एखाद्या अनुभवी मिस्त्रीला विचारून द्या. आणि ज्यांनी यंदा नवी घेतली आहे त्यांनी महिन्याभराने ती परत दुकानात नेऊन आरे, कोन आणि हँडलचे नट कसून घ्या, नवीन सायकल सुरुवातीला बसते तेव्हा हे सगळं थोडं सैल होतंच, बरेच दुकानदार पहिल्या वेळी पैसे घेत नाहीत.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका,
जि. हिंगोली