टेस्टचा फोटो पाठवताना टाइम पण पाठवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सर्दी-खोकल्याची साथ आली की तुमच्या पेपरात एक चौकट येतेच, गर्दीत मास्क लावा, लक्षणं असतील तर टेस्ट करून घ्या, आराम करा वगैरे. बरोबरच आहे सगळं. पण घरी कार्डावर कोरोनाची टेस्ट केली आणि जे दिसलं ते नीट कळलंच नाही तर माणसाने काय करायचं, हे मी तरी कुठे छापलेलं बघितलं नाही, आणि खरी गोची तिथेच आहे. मी इंदूरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो, आता रिटायर्ड, राजेंद्रनगरला राहतो, कॉलनीत सगळ्यांना माहीत की काका लॅबमध्ये होते. त्यामुळे हवा बदलली की माझा व्हॉट्सअप सुरू. 2025 च्या मे-जूनमध्ये केसेस परत वाढल्या तेव्हा तर गुड मॉर्निंगच्या गुलाबांपेक्षा टेस्ट कार्डांचे फोटोच जास्त येत होते. सगळ्यांचा प्रश्न एकच, "काका, लाइन आहे का नाही?"

एक फोटो सांगतो म्हणजे कल्पना येईल. शेजारच्या सुनेने पाठवला होता. कार्ड स्टीलच्या झाकणावर ठेवलेलं, वरून फ्लॅश मारलेला, त्याची चमक नेमकी टी अक्षरासमोर, म्हणजे विषाणू असेल तर रेघ येते त्या जागी, पडलेली. दोन मिनिटांनी तोच फोटो परत आला, ह्या वेळी ब्राइटनेस वाढवून आणि लाल बाण काढून. तोवर त्यांच्या फॅमिली ग्रुपवर सुनावणी चालू झाली होती, सून म्हणते लाइन आहे, तिचा नवरा म्हणतो सावली आहे, पुण्याचे दीर म्हणतात फिकट म्हणजे माइल्ड असणार, उज्जैनच्या मावशी म्हणतात लाइन सोडा आणि काढा घ्या. घरात आजी, वय ऐंशीच्या घरात, शुगर आहे, म्हणून सगळे घाबरलेले. मी एवढंच विचारलं की फोटो काढला केव्हा. तर म्हणे टेस्ट लावली, मग कुकर लावला, मग आंघोळीला गेले, आल्यावर काढला. आता सांगा, ह्यावर मी काय निकाल देऊ?

ह्या कार्डात आत काय होतं ते थोडं सांगतो. पट्टीच्या सुरुवातीला सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात (हो, सोनंच, पण सराफ्यात विकता येईल इतकं नाही), त्यांना कोरोनाच्या विषाणूचं एक प्रोटीन धरून ठेवणाऱ्या अँटीबॉडी चिकटवलेल्या असतात. नाकातला नमुना बफरमध्ये (किटसोबतच्या द्रावणात) मिसळून थेंब टाकले की पाणी पट्टीवर पुढे सरकतं, कण सोबत वाहतात, आणि टी च्या जागेवर दुसऱ्या अँटीबॉडी दबा धरून बसलेल्या असतात, विषाणूचं प्रोटीन असेल तर कण तिथे अडकतात आणि गुलाबी-लालसर रेघ दिसते. जास्त प्रोटीन तर गडद, कमी तर फिकट. पण अडकले म्हणजे अडकले. म्हणून ठरलेल्या वेळात आलेली रेघ कितीही फिकट असली, तिला रंग असेल आणि ती खिडकीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत असेल, तर ती पॉझिटिव्ह. "अर्धा पॉझिटिव्ह" असा रिपोर्ट नसतो भिया. आणि पुण्याच्या दिरांना पण सांगायचंय, फिकट रेघ म्हणजे आजार हलका असं मुळीच नाही, त्याचा अर्थ फक्त इतका की ह्या नमुन्यात माल कमी होता. आजार नुकताच सुरू झाला असेल, संपत आला असेल, किंवा गुदगुल्या होतात म्हणून स्वॅब (नमुना घ्यायची काडी) नाकात घातल्यासारखं करून लगेच बाहेर काढला असेल. हे तिसरं कारण लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप जास्त वेळा असतं, मी लॅबमध्ये भल्याभल्यांना मान मागे ओढताना बघितलंय.

आणि ज्या कार्डाने घर डोक्यावर घेतलं होतं ते? बहुतेक किट पंधरा मिनिटांनी वाचायचे असतात आणि त्यानंतरची एक हद्द दिलेली असते, पुण्याच्या मायलॅबचा कोव्हिसेल्फ आला होता 2021 च्या मे महिन्यात, आयसीएमआरने (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) मंजूर केलेला घरी करायचा पहिला, अडीचशे रुपयांचा, त्यात वीस मिनिटांनंतर जे दिसेल ते धरू नका असं स्पष्ट होतं. दुसऱ्या कंपन्यांचा टाइम वेगळा असू शकतो, डब्यातला कागद बघावा. हद्द का, तर पट्टी वाळायला लागली की टी च्या जागी एक भुरकट, करडी रेघ उमटू शकते, तिचा विषाणूशी काही संबंध नसतो. म्हणजे तासाभराने दिसलेली रेघ पॉझिटिव्ह पण म्हणता येत नाही आणि निगेटिव्ह पण म्हणता येत नाही, ते कार्ड बाद. मी त्यांना म्हटलं हे फेका, आजीला तोवर वेगळ्या खोलीत ठेवा, उद्या सकाळी नवीन किट घ्या आणि मोबाइलवर टायमर लावून समोर बसा. दुसऱ्या दिवशी फोटो आला त्यात बाण काढायची गरजच पडली नाही, गुलाबी रेघ चष्म्याशिवाय दिसत होती.

सी च्या रेघेबद्दल, म्हणजे कार्ड चालतंय का ते दाखवणाऱ्या दुसऱ्या रेघेबद्दल, पण एक मोठा घोळ आहे. सी नाही आली तर टी असो-नसो, टेस्ट बाद, हे बऱ्याच लोकांना माहीत असतं. पण सी छान गडद आली म्हणजे "टेस्ट एकदम बरोबर झाली" असं जे समजतात ते पण पूर्ण खरं नाही. सी फक्त एवढंच सांगते की पाणी शेवटपर्यंत पोचलं आणि पट्टीवरचं रसायन जिवंत आहे. तुम्ही नाकातून नमुना नीट घेतला का, ते तिला माहीत नसतं. बहुतेक किटमध्ये नुसतं बफर टाकलं, स्वॅब नाकात घातलाच नाही, तरी सी येईल आणि कार्ड तुम्हाला ऐटीत निगेटिव्ह दाखवेल. ऑफिसात निगेटिव्ह दाखवून सुटणाऱ्यांना ही विद्या आधीच अवगत आहे असा मला दाट संशय आहे, पण ते असो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी खरं तर हे पत्र. फिकट रेघेवर सगळे रात्रभर जागतात पण साफ निगेटिव्ह कार्डावर कोणी एक प्रश्न विचारत नाही, आणि ही टेस्ट चुकते ती मुख्यतः निगेटिव्हच्या बाजूने. ताप आहे, घसा धरलाय, अंग मोडून आलंय, कार्ड निगेटिव्ह, झालं, संध्याकाळी साहेब छप्पन दुकानवर खायला आणि दुसऱ्या दिवशी साखरपुड्यात! आयसीएमआरने 2021 मध्येच लिहून ठेवलं होतं की घरच्या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आला तर पॉझिटिव्ह धरा, परत तपासायची गरज नाही, पण लक्षणं असून निगेटिव्ह आला तर लगेच आरटीपीसीआर (लॅबमधली जास्त बारीक टेस्ट) करा. म्हणजे दोन्ही निकालांचं वजन सारखं नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-टेस्टना मंजुरी देणारं सरकारी खातं) पण ऑगस्ट 2022 मध्ये सांगितलं की लक्षणं असतील आणि निगेटिव्ह आली तर 48 तासांनी पुन्हा करा, आणि लक्षणं नसून नुसता संपर्क आला असेल तर 48-48 तासांच्या अंतराने तीनदा. कारण सोपं आहे, पहिल्या दिवशी नाकात विषाणू इतका कमी असू शकतो की कार्डाला दिसतच नाही, दोन दिवसांत तो वाढतो. एकाच सकाळी लागोपाठ तीन कार्डं लावून काही हाती लागत नाही, मधे वेळ जाऊ द्यावा लागतो. तोवर मास्क लावा, वेगळे झोपा, लग्नाचं जेवण काही पळून जात नाही.

काही लोक तर ह्याची मॅच करतात. पहिली पॉझिटिव्ह, विश्वास बसला नाही म्हणून दुसरी, ती निगेटिव्ह, मग तिसरी, दोन विरुद्ध एक, जिंकलो. असं होत नाही हो. टेस्टचं मतदान नसतं. वेळेत वाचलेली पॉझिटिव्ह ही नंतरच्या निगेटिव्हने पुसली जात नाही, उलट ह्या कार्डांमध्ये खोटी पॉझिटिव्ह येणं तसं क्वचित आणि खोटी निगेटिव्ह येणं नेहमीचं. फारच शंका असेल, म्हणजे लक्षणं काही नाहीत, कोणाशी संपर्क नाही, आणि तरी रेघ आली, तर आरटीपीसीआर करून मोकळे व्हा. पण बरं झाल्यावर सर्टिफिकेट म्हणून आरटीपीसीआर करत बसू नका, ती टेस्ट विषाणूचे मेलेले तुकडे पण पकडते, आठवडे-आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते आणि उगाच घरात परत रडारड.

अजून एक, निगेटिव्ह म्हणजे फक्त "ह्या नमुन्यात कोरोना दिसला नाही", आजारच नाही असं नव्हे. आपल्याकडे पावसाळा संपता-संपता डेंगू, मलेरिया, फ्लू, टायफॉइड सगळे एकाच रांगेत उभे असतात. ओळखीतला एक मुलगा तापात दोन कोरोना कार्डं निगेटिव्ह आली म्हणून पॅरासिटामॉल खाऊन कोचिंगला जात राहिला, शेवटी डॉक्टरने एनएस1 (डेंगूची रक्ताची टेस्ट) करायला लावली तर डेंगू निघाला. ताप तीन दिवस उतरत नसेल तर कार्ड खेळत बसू नये, डॉक्टरकडे जावं. आणि दम लागला, छातीत दुखलं, बोलणं असंबद्ध झालं, बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन 93 किंवा त्याखाली दाखवायला लागला तर मग टी आणि सी दोन्ही विसरा आणि सरळ हॉस्पिटल गाठा. म्हातारी माणसं, शुगर-किडनीवाले, कॅन्सरची औषधं चालू असलेले, ह्यांनी तर पॉझिटिव्ह दिसल्या दिवशीच डॉक्टरला फोन करावा, विषाणूवरची जी औषधं आहेत ती पहिल्या काही दिवसांत दिली तरच कामाची, "बघू दोन दिवस" म्हटलं की ती वेळ गेली.

किट ठेवण्याबद्दल फार लिहीत नाही. एक्स्पायरी बघा, बहुतेक किट 2 ते 30 डिग्रीत ठेवायचे असतात आणि आपल्या मे महिन्यात कारच्या डॅशबोर्डवर काय तापमान होतं ते इंदूरकरांना सांगायला नको, फ्रिजमध्ये ठेवला असेल तर आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पाकीट टेस्टच्या वेळीच फोडा, दोन थेंब सांगितले तर दोनच टाका, चार टाकून सगळी खिडकी गुलाबी करून मला फोटो पाठवू नका. आणि पोरांवर लक्ष ठेवा, कोला किंवा संत्र्याचा रस सरळ कार्डावर टाकला की आंबटपणाने अँटीबॉडी बिघडतात आणि रेघ येते, 2021 मध्ये इंग्लंडच्या शाळकरी पोरांनी शाळा बुडवायला हीच युक्ती केली होती, आपली पोरं काही कमी हुशार नाहीत.

तर साहेब, विनंती अशी. डब्यातला कागद इतक्या बारीक टायपात असतो की माझ्या वयाच्या माणसाला भिंग लागतं, आणि त्यात चित्रं असतात ती दोनच जातीची, ठसठशीत पॉझिटिव्ह आणि स्वच्छ निगेटिव्ह. ज्यावर लोक अडतात ते चित्र नसतंच. तुम्ही पुढच्या वेळी चौकट छापाल तेव्हा कार्डाचे खरे फोटो छापा, शक्यतो रंगीत पानावर, कारण काळ्या-पांढऱ्यात गुलाबी आणि करडी रेघ सारखीच दिसेल आणि सगळं मुसळ केरात. फिकट पण रंग असलेली, उशिरा आलेली भुरकट, अर्धीच आलेली डागासारखी (ही बाद धरा, नवीन कार्ड लावा), सी नसलेली, असे चार-पाच. मेडिकल स्टोअरवाल्यांनी पण किट देताना तोंडाने एक वाक्य म्हणायला काय हरकत आहे, की टायमर लावा आणि निगेटिव्ह आली तरी ताप असेल तर परसों परत करा. दवा बाजारात मी एक-दोघांना बोललो तर म्हणाले, काका, इथे गर्दी किती असते बघताय ना. गर्दी असते खरी, पण पाचशेच्या सुट्ट्यांवरून पाच मिनिटं भांडायला वेळ मिळतोच की.

आणि हो, वापरलेलं कार्ड आणि स्वॅब ओल्या कचऱ्यात टाकू नका, बघितलंय म्हणून सांगतो. किटसोबत पिशवी येते तिच्यात घालून बंद करा आणि सकाळी गाडी आली की त्या पोरांना वेगळं सांगून द्या की हे टेस्टचं आहे. आपण सहा-सहा डबे वेगळे करणारं शहर म्हणून मिरवतो, ती पिशवी हाताने उचलणारा पण इंदूरचाच असतो.

आपला एक जुना वाचक,
निवृत्त लॅब टेक्निशियन, राजेंद्रनगर, इंदूर
(नाव छापू नये, फोनवर आधीच जागा उरलेली नाही)